इव्हान पाव्हलोव्ह आणि भित्र्या पिलांचा धडा

एकाच कुत्रीच्या पोटी एकाच दिवशी जन्मलेली चार पिले घ्यावीत. अनोळखी मनुष्य अंगणात येताच त्यांतील एक शेपूट हालवीत त्याच्या पायांशी जाते, दुसरे दुरूनच भुंकते, तिसरे क्षणभर मान वर करून पुन्हा निजते आणि चौथे पोत्याआड दडून बसते. मनुष्य तोच, अंगण तेच. परंतु पहिल्याला त्यात लाभाची आशा दिसते आणि चौथ्याला संकटाची चाहूल लागते. वर्गातील बाकांवरही असाच भेद आढळतो. प्रश्नपत्रिका हाती पडताच एकाचा चेहरा खुलतो, तर दुसऱ्याचे हात गार पडतात. आपण मोठी माणसे या भेदाचा निकाल फार लवकर लावून टाकतो. पहिला धीट, चौथा भेकड. पहिल्यास शाबासकी, चौथ्यास बोल! हा निवाडा कितपत न्यायाचा आहे हे ज्यांच्या चरित्रावरून पारखून पाहता येते, अशा एका रशियन शास्त्रज्ञाची ओळख आम्ही या लेखात आमच्या विद्यार्थ्यांस करून देणार आहोत. इव्हान पेत्रोविच पाव्हलोव्ह हे त्यांचे नाव. खाण्याची खूण ऐकताच ज्याच्या तोंडाला पाणी सुटते तो कुत्रा बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु त्या कुत्र्यापलीकडचे पाव्हलोव्ह फार थोड्यांस ठाऊक असतात.

पाव्हलोव्ह यांचा जन्म मॉस्कोच्या आग्नेयेस सुमारे २०० किलोमीटरांवर असलेल्या रियाझान या गावी १८४९ साली सप्टेंबर महिन्यात झाला. वडील प्योत्र दिमित्रियेविच हे रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचे पाळक होते. घरी मुलांची संख्या मोठी आणि मिळकत बेताची, त्यामुळे बागेतील कामे घरच्यांनाच करावी लागत. लहानपणी इव्हान उंचावरून दगडी फरशीवर पडला व त्याला इतकी दुखापत झाली की वयाच्या ११ व्या वर्षापर्यंत त्याचे शाळेत जाणे लांबले. मठाधिपती असलेल्या त्याच्या धर्मपित्याने त्याला आपल्यापाशी ठेवून घेतले आणि मेहनत, व्यायाम व वाचन यांच्या योगे पुन्हा धडधाकट केले. शरीराला वळण लावले तर ते पालटते, हा अनुभव या मुलास पुस्तकापूर्वी अंगावरच मिळाला.

पाळकाच्या मुलाने पाळकच व्हावे ही त्या काळची रीत होती. त्याप्रमाणे इव्हान प्रथम धर्मशाळेत व पुढे रियाझानच्या सेमिनरीत दाखल झाला. परंतु ते दिवस रशियात मोठ्या वैचारिक खळबळीचे होते. डार्विनचे विचार तेथवर पोहोचले होते, आणि १८६३ साली सेचेनॉव्ह नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मेंदूच्या प्रतिक्षेपांवर एक छोटासा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. आपल्या सर्व मानसिक व्यवहारांच्या मुळाशी मज्जासंस्थेची क्रिया आहे, हे त्या ग्रंथाचे सूत्र. त्याने तरुण पाव्हलोव्ह यांच्या मनाची इतकी पकड घेतली की १८७० साली त्यांनी सेमिनरी सोडली आणि सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठाची वाट धरली. पुढे त्यांची श्रद्धाही राहिली नाही. त्यांची पत्नी मात्र अखेरपर्यंत भाविक होती. तथापि ज्या घराने आपणांस वाढविले त्याचा त्यांनी कधी अव्हेर केला नाही, हे पुढे दिसून येईल.

विद्यापीठात असतानाच स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवरील निबंधाबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले, १८८३ साली हृदयाच्या मज्जातंतूंवर प्रबंध लिहिला, आणि १८८४ ते १८८६ या काळात जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल लुडविग व ब्रेस्लाउ येथे हायडेनहाइन या नामांकित गुरूंपाशी काम केले. हा सारा काळ दारिद्र्याचा होता. १८८१ साली सेराफिमा वासिल्येव्हना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु स्वतंत्र बिऱ्हाड थाटण्याइतका पैसा जवळ नसल्यामुळे पतिपत्नींस काही काळ वेगळे राहावे लागले. त्यांचे एक मूल तर लहानपणीच दगावले. विद्यार्थ्यांनी एकदा व्याख्यानांच्या निमित्ताने वर्गणी जमवून त्यांच्या हाती दिली, तेव्हा ती रक्कम घरी नेण्याऐवजी त्यांनी प्रयोगाच्या प्राण्यांवर खर्च करून टाकली, असे सांगतात. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांस स्थैर्य लाभले. १८९० साली ते सैनिकी वैद्यक अकादमीत प्राध्यापक झाले व पुढील वर्षी प्रायोगिक वैद्यकाच्या नव्या संस्थेतील शरीरशास्त्र विभाग त्यांच्याकडे आला.

त्या काळी प्राण्यांवरील बहुतेक प्रयोग एका बैठकीत उरकीत. प्राणी कापावा, जे दिसेल ते टिपून घ्यावे, आणि तो मरून जावा. पाव्हलोव्ह यांस ही पद्धत पटेना. वेदनेने अर्धमेला झालेला जीव आपल्या शरीराचा खरा व्यवहार काय दाखविणार? म्हणून त्यांनी गुंगीचे औषध देऊन, सर्व स्वच्छता पाळून शस्त्रक्रिया करावी, प्राणी पूर्ण बरा होऊ द्यावा आणि मग त्याच्या नित्याच्या जीवनाचे वर्षानुवर्षे निरीक्षण करावे, असा मार्ग घातला. पोटाचा एक लहानसा भाग वेगळा करून त्याची पिशवी बाहेर उघडती ठेवण्याची त्यांची युक्ती तर फारच नाजूक होती. या मार्गाने अन्न दिसण्यापासून ते पचण्यापर्यंत कोणता रस केव्हा व किती पाझरतो याचा हिशेब लागला, आणि त्याबद्दल १९०४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच रशियन होत. येथे एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. या प्राण्यांनी पुष्कळ सोसले, आणि या सोसण्यावर त्या काळीही टीका झाली. प्रायोगिक संस्थेच्या आवारात १९३५ साली कुत्र्याचे एक स्मारक उभे राहिले. उपकाराची ती जाणीव होय. त्या सोसण्याची भरपाई मात्र तिने होत नाही.

पारितोषिक पचनाबद्दल मिळाले. परंतु त्यापूर्वीच पाव्हलोव्ह यांचे लक्ष एका निराळ्याच गोष्टीकडे वळले होते. अन्न जिभेला लागल्यावर लाळ सुटावी हे स्वाभाविक. पण त्यांचे कुत्रे अन्न आणणाऱ्या नोकराच्या पावलांचा आवाज ऐकूनच लाळ गाळू लागत! आरंभी ही मोजमापातील कटकट वाटली. एका सहकाऱ्याने तिचा उलगडा असा केला की कुत्रा विचार करतो, इच्छा करतो, वाट पाहतो. पाव्हलोव्ह यांनी हा उलगडा मुळीच मान्य केला नाही. कुत्र्याच्या मनात कोणी शिरून पाहिले आहे? जे थेंबाथेंबाने मोजता येते तेवढेच बोलावे, असा त्यांनी प्रयोगशाळेत दंडक घातला. कुत्र्यास वाटले, कुत्र्यास आठवले, असले शब्द त्यांनी तेथून हद्दपार केले. मेट्रोनोमचे ठोके, दिव्याचा उजेड, त्वचेस होणारा स्पर्श, अशी कोणतीही खूण अन्नाच्या आधी वारंवार दिली की पुढे नुसत्या खुणेनेच लाळ सुटते. या शिकलेल्या क्रियेला त्यांनी सशर्त प्रतिक्षेप म्हटले, कारण ती ठरावीक शर्त पाळली तरच उत्पन्न होते व शर्त मोडली तर विरून जाते.

मन या शब्दाला दाराबाहेर ठेवणाऱ्या या प्रयोगशाळेत कुत्र्यांचे स्वभाव मात्र खिडकीवाटे आत आले. शेंगर-क्रेस्तोव्निकोवा या सहकारी बाईंनी केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. पडद्यावर वर्तुळ दिसले की अन्न मिळे, लांबट लंबवर्तुळ दिसले की मिळत नसे. कुत्रा हा भेद लवकरच शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करीत नेले. त्याच्या दोन अक्षांचे प्रमाण ९ आणि ८ इतके जवळ आले तेव्हा खूण आशेची की निराशेची हे त्या बिचाऱ्यास उमगेनासे झाले. सुमारे तीन आठवडे असे चालल्यावर तो गरीब स्वभावाचा कुत्रा केकाटू लागला, अंगाला हिसके देऊ लागला, दातांनी यंत्राच्या नळ्या तोडू लागला. आणि पूर्वी जो भेद सहज ओळखीत असे तोही विसरून गेला. संदिग्ध खुणेपुढे प्राण्याची मज्जासंस्था कशी कोसळते हे यात दिसून आले. परंतु अशा प्रसंगी सर्वच कुत्रे सारख्या रीतीने कोसळत नाहीत, हेही पुढे कळले. कोणी खवळतो, कोणी गोठून जातो, आणि कोणी थोड्याच वेळात सावरतो.

हाच भेद निसर्गाने एकदा भयंकर रीतीने दाखविला. १९१७ सालच्या क्रांतीनंतर पाव्हलोव्ह यांचा नोबेलचा पैसा बुडाला, उपासमारीच्या दिवसांत कुत्री मेली, आणि स्वतः या वृद्ध प्राध्यापकांवर भाजीपाला पिकविण्याची वेळ आली. त्यांनी देश सोडण्याची भाषा काढली, तेव्हा १९२१ च्या जानेवारीत लेनिनच्या सहीचा हुकूम निघून त्यांच्या कामाची सोय झाली. काम पुन्हा रांगेस लागते न लागते तोच २३ सप्टेंबर १९२४ रोजी नेव्हा नदीस महापूर आला. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गचे नाव लेनिनग्राड झाले होते. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढत गेले. प्राणी छताशी नाके लावून पोहत होते. दारे पाण्याखाली गेल्यामुळे नोकरांनी त्यांस बळाने बुचकळून बाहेर काढले. सर्व वाचले, परंतु सर्व पूर्वीचे राहिले नाहीत. काही कुत्री, विशेषतः जी मुळात हळवी होती ती, शिकलेले धडे विसरली. पुढे कित्येक दिवसांनी धडा पुन्हा जमू लागला असता दाराखालून पाण्याची एक धार खोलीत सोडली, तर तेवढ्यानेच एक कुत्रा थरथर कापू लागला व त्याचे सारे शिकणे पुन्हा नाहीसे झाले. दुसरी काही कुत्री जणू पूर आलाच नव्हता अशी वागत होती.

या भेदास नाव देण्यासाठी पाव्हलोव्ह प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसकडे गेले. त्याने मानलेले मनुष्याचे चार स्वभाव, म्हणजे उल्हासी, शांत, तापट व खिन्न, त्यांनी कुत्र्यांस लावले. मात्र हिपॉक्रेटीसच्या मताप्रमाणे हा भेद शरीरातील चार द्रवांचा होता. पाव्हलोव्ह यांच्या मते तो मज्जासंस्थेतील दोन शक्तींचा होता. एक उत्तेजन देणारी, दुसरी आवर घालणारी. या दोन शक्ती किती प्रबळ आहेत, त्यांचा तोल कसा आहे आणि एकीची जागा दुसरी किती लवकर घेते, यावर स्वभाव ठरतो. ज्याच्या दोन्ही शक्ती दुबळ्या, तो खिन्न. त्याला प्रत्येक नवी वस्तू धोक्याची वाटते. आणि स्वभाव शरीरात आहे म्हटल्यावर औषधाचा त्यावर परिणाम व्हावा हे ओघानेच आले. मारिया पेत्रोवा या सहकारी विदुषींबरोबर त्यांनी बिघडलेल्या कुत्र्यांस ब्रोमाइड दिले व कित्येकांचा तोल परत आलेला पाहिला. तथापि सर्वांस एकच माप चालेना. प्रबळ कुत्र्यास जे मानवते त्याने दुबळा अधिकच खचतो; दुबळ्यास अगदी अल्प मात्राच हितकर ठरते, असे त्यांस आढळले.

येथपर्यंत भित्रा कुत्रा जन्मतःच दुबळा असे त्यांचे मत होते. ज्या गोष्टीने ते मत पालटले ती या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. लेनिनग्राडजवळ कोल्तुशी या खेड्यात पाव्हलोव्ह यांच्यासाठी संशोधनाचे नवे ठाणे उभे राहिले होते. त्याच्या आवारात त्यांनी देकार्त, सेचेनॉव्ह आणि वाटाण्यांवर आनुवंशिकता शोधणारे संन्यासी मेंडेल यांचे पुतळे बसविले, यावरून जन्मजात गुणांवर त्यांचा किती भर होता हे कळते. तरीही १९३० नंतरच्या वर्षांत त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच वेतातील पिले दोन भागांत वाटली. अर्धी मोकळी हिंडली, माणसांत व इतर कुत्र्यांत वाढली. अर्धी जन्मापासून पिंजऱ्यात ठेविली. त्यांस अन्न, निवारा, काही उणे नव्हते. उणे होते ते केवळ जगाशी ओळख होण्याची संधी. मोठी झाल्यावर पिंजऱ्यातील पिले लहानशा आवाजानेही जमिनीशी चिकटून बसत, आणि हा भित्रेपणा पुढे सहजासहजी गेला नाही. त्यांची मज्जासंस्था तपासली तर ती मुळात प्रबळही असू शके! तेव्हा पाव्हलोव्ह यांनी, वयाची ऐंशी वर्षे उलटली असताना, आपले जुने मत सुधारून घेतले. डोळ्यांस दिसणारा भित्रेपणा म्हणजे जन्मजात दुबळेपणा नव्हे. जन्माने दिलेले आणि जीवनाने घडविलेले अशी दोन सुते त्यात एकत्र विणलेली असतात, हे त्यांनी कबूल केले.

ज्यांनी दुबळ्या कुत्र्यांचा इतका विचार केला ते स्वतः कोणत्या स्वभावाचे होते, असे विद्यार्थी विचारतील. ते तापट होते. शस्त्रक्रियेत किंचित चूक झाली की प्रयोगशाळा त्यांच्या आवाजाने दणाणून जाई. उन्हाळ्यात गोरोदकी हा लाकडी दांडके फेकण्याचा रशियन खेळ ते मोठ्या ईर्षेने खेळत. पण तोच ताप अन्यायाविरुद्धही पेटे. १९२४ साली पाळकांच्या मुलांस सैनिकी वैद्यक अकादमीतून काढून टाकण्यात आले, तेव्हा आपणही पाळकाचेच पुत्र आहो असे सांगून त्यांनी आपल्या आसनाचा राजीनामा दिला. जन्माच्या शिक्क्यावरून मनुष्याचा निवाडा करणे त्यांस पटले नाही. कुत्र्यांच्या बाबतीत हीच गोष्ट मान्य करण्यास त्यांस आणखी काही वर्षे लागली, परंतु त्यांनी ती मान्य केली. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, फुप्फुसदाहाने त्यांचे निधन झाले. लेनिनग्राडला पुढे १९९१ साली सेंट पीटर्सबर्ग हे जुने नाव पुन्हा मिळाले.

पाव्हलोव्ह ज्यांस उत्तेजन व आवर म्हणत, त्यांच्यामागे कोणती रसायने आहेत हे कळण्याची साधने त्यांच्या हयातीत अपुरी होती. मज्जातंतू रसायनाच्या द्वारे निरोप पोहोचवितात, हे १९२१ साली ऑटो लोएवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखविले. १९५७ साली स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांनी आपल्या देशाच्या सर्पगंधा वनस्पतीपासून निघणारे रिसर्पिन हे औषध सशांस दिले, तेव्हा ते निश्चल होऊन बसले; आणि मेंदूत ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य टोचताच थोड्याच वेळात पुन्हा हालूचालू लागले. हालचालीचा हुरूपसुद्धा एका रसायनावर किती अवलंबून असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मग वर्तुळ आणि लंबवर्तुळाचा तो जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. २००४ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांस दोन स्वर शिकविले. एका स्वराला कळ दाबली तर अन्न मिळे, दुसऱ्याला दाबली तर कर्कश आवाज होई. नंतर त्यांनी या दोहोंमधले स्वर ऐकविले. ज्या उंदरांचे बिछाने अवचित ओले होत, ज्यांचे पिंजरे अवचित तिरपे केले जात, ते उंदीर अन्नाच्या स्वराजवळचे स्वर ऐकूनही कळ दाबण्यास कचरत. २०११ साली न्यूकासल येथे मधमाश्यांस एक मिनिट जोराने हालविले, आणि मग गोड व कडू रसाशी जोडलेल्या दोन वासांचे मिश्रण त्यांच्यापुढे धरले. हालविलेल्या माश्या संदिग्ध वासास कडूच समजल्या, व त्यांच्या शरीरद्रवात डोपामिन, सेरोटोनिन आणि ऑक्टोपामिन यांचे प्रमाण घटलेले आढळले. उलट २०१६ साली लंडन येथे भुंग्यांसारख्या मोठ्या बंबल माश्यांस साखरपाण्याचा एक अनपेक्षित थेंब दिला, तेव्हा त्या संदिग्ध रंगाच्या नळीकडे अधिक वेगाने झेपावल्या. डोपामिनचे कार्य औषधाने अडविताच हा उत्साह मावळला. माशीला आनंद होतो किंवा दुःख होते असे यावरून म्हणू नये. तेवढी सावधगिरी पाव्हलोव्ह यांनीच शिकविली आहे. परंतु एकच खूण कधी आशेने व कधी निराशेने वाचली जाते, आणि ते वाचन शरीरातील द्रव्यांबरोबर पालटते, इतके म्हणण्यास हरकत नाही.

मग धैर्य आणि निराशा ही केवळ रसायनांचीच करणी, आणि प्रयत्नास काही अर्थ नाही, असे कोणी आळशी विद्यार्थी म्हणेल. त्याने माशीला मिळालेला तो थेंब आठवावा. रसायन अनुभव घडविते हे खरे, पण अनुभवही रसायन घडवितो. पिंजरा, पूर, हिसके यांनी जे खचते, ते मोकळीक, ओळख आणि अवचित मिळालेल्या एका गोड घोटाने सावरू शकते. जो मुलगा प्रश्न विचारताच मान खाली घालतो, त्याच्या अंगी बळ नाही असे आम्हां शिक्षकांनी एकदम ठरवू नये. तो कोणत्या पिंजऱ्यात वाढला याची चौकशी आधी करावी. आणि जो उल्हासी स्वभावाचा आहे त्याने आपल्या धीटपणाचा गर्व न करता शेजारच्या बाकावरील भित्र्या सोबत्यास हात द्यावा. जगप्रसिद्ध पाव्हलोव्ह यांस आपले मत पालटण्यास काही भित्री पिले पुरली. आपणांस तर त्यांच्याहून जवळची उदाहरणे रोज डोळ्यांपुढे आहेत.